वाढत्या अंगाचं माप

आमच्या घरात दुधाचे खाडे अजून भिंतीवरच्या कॅलेंडरवरच लिहिले जातात. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये वटपौर्णिमा कधी येतेय ते बघायला जूनचं पान उलटलं, तर १५ तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने ४५ लिहून भोवती गोल केलेला. पंचेचाळीस कसले? मग पानाच्या कडेला, राशिभविष्याच्या रकान्याला चिकटून, बारीक अक्षरात मांडलेलं गणित दिसलं. ५६ – ४५ = ११. त्याखाली ११००० ÷ ६०. उत्तर १८३, आणि पुढे ‘ग्रॅम, रोज’.

गणितात काठावर पास होणाऱ्या माझ्या लेकाचा हा भागाकार मात्र बिनचूक होता.

सातवीची परीक्षा नुकतीच संपली होती. तेरावं लागायला महिना बाकी. रात्री आडून आडून विचारलं, तर आधी “तू माझं का वाचलंस?” म्हणून फुरंगटला. कॅलेंडर काय कुणा एकाचं असतं का, असं मी म्हटल्यावर गप्प बसला. मग पंख्याकडे बघत म्हणाला, “शाळा सुरू होईपर्यंत करायचंय. साठ दिवस आहेत.” पंचेचाळीसच का? तर बेंचवरच्या मित्राचं वजन ४५ आहे. झालं! एवढाच आधार. मित्राची उंची किती, त्याच्या घरी कोण कसं आहे, तो कधीपासून खेळतो, यातलं काही त्या गणितात नव्हतं. फोनवरच्या कुठल्याशा कॅल्क्युलेटरमध्ये वजन आणि उंची टाकली होती; त्याने लाल अक्षरात काहीतरी दाखवलं होतं. वय विचारलंच नव्हतं.

मी त्याला “बघू या हं” म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसत बसले. कारण हे गणित माझ्या ओळखीचं होतं.

१९९४ साली मी पंधरा वर्षांची होते. कऱ्हाडला राहायचो, आजोळ मिरजेला. ‘खात्यापित्या घरची’, ‘अंगाने भरलेली’, ‘सुटलीय जरा’ ही सगळी विशेषणं मी दहाव्या वर्षापासून गोळा करत आले होते. मिरज जंक्शनवर वजनाचं ते यंत्र असायचं. रंगीत दिवे, काचेआड गरगर फिरणारं चाक, आणि नाणं टाकलं की खट्ट करून बाहेर पडणारं जाड पुठ्ठ्याचं तिकीट. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. मामाला त्याची भारी हौस. तो सगळ्या भाचरांना एकेक करून उभं करायचा आणि तिकिटं मोठ्याने वाचायचा. बाकीच्यांचं भविष्य वाचायचा, माझं वजन.

त्या वर्षी मामेबहिणीचं लग्न ठरलं आणि मी मनाशी आकडा ठरवला. कसा? तर धाकट्या मावशीच्या तिकिटावर जो आला होता, तोच. ती पंचविशीची, चणीने लहान. मी पुढचे तीन महिने काय काय केलं ते सविस्तर सांगत नाही, कारण असलं काही वाचून ते करून बघणाऱ्या मुली असतात, मीही त्यातलीच होते. एवढंच सांगते की शाळेच्या प्रार्थनेत दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली, कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले आणि पाळी लांबली ती तीन महिने आलीच नाही. ते मी आईला सांगितलं नाही. मला तर ती सोयच वाटली. आणि एक गंमत. उपाशी राहायचे त्या दिवसांत मी रविवारच्या पुरवणीतल्या पाककृती कापून वहीत चिकटवायचे. बेसनाचे लाडू, खाऱ्या शंकरपाळ्या, काय वाटेल ते. एरवी मला स्वयंपाकघराचं तोंड बघायला नको असायचं.

या वहीचा उलगडा कितीतरी वर्षांनी झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून उपासमारीचा अभ्यास झाला होता. युद्धात उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा कसं खायला घालायचं हे शिकायला. त्या पुरुषांच्या डोक्यात दिवसरात्र खाण्यावाचून दुसरं काही राहीना. त्यांच्यातले काही जण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. ते वाचलं आणि माझी ती वही आठवून मला भर बसमध्ये रडू आलं. माझी जीभ चटोर नव्हती, मन दुबळं नव्हतं. शरीर उपाशी होतं आणि ते त्याच्या परीने ओरडत होतं.

लग्नात काय झालं? सगळ्यांनी कौतुक केलं. “किती बारीक झालीस गं, गोड दिसतेस.” मामाने तर पाठ थोपटली. शिक्षा झाली असती तर बरं झालं असतं असं आता वाटतं. पुढच्या दिवाळीपर्यंत गेलेलं सगळं वजन परत आलं, वर आणखी चार किलो घेऊन. मग त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. म्हणजे मागून बोलले असतील.

तर लेकाला घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. त्याच्या जन्मापासूनचे बालरोगतज्ज्ञ, ठाण्यातच, घरापासून दोन गल्ल्या सोडून. आधी नवऱ्याशी वादावादी झाली. त्याचं म्हणणं, “उंची सुटली की आपोआप उतरेल, माझंही उतरलं होतं. डॉक्टरकडे नेऊन त्याच्या डोक्यात नको भरवू.” सासूबाईंचं म्हणणं, मुळात पोराला झालंय काय? बाळसं आहे ते. तेराव्या वर्षी कसलं बाळसं, असं मी मनात म्हटलं.

डॉक्टरांनी आधी त्याची उंची मोजली, भिंतीला टाचा लावून, दोनदा. १४८. वजन ५६. रक्तदाब. मग म्हणाले, “राजे, कॉलर जरा मागे घ्या.” मान बघितली. काखा बघितल्या. त्याच्या मानेवर मागच्या बाजूला काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा होता, गेलं वर्षभर. मी तो दर रविवारी घासत होते. बेसन-दही, लिंबाची साल, शेवटी तर काथ्याची घासणी. तो ओरडायचा आणि मी म्हणायचे, “मळ किती साचलाय बघ, आंघोळ करतोस की पाणी ओततोस?”

“ताई, हा मळ नाही,” डॉक्टर म्हणाले. “घासू नका.”

शरीर इन्शुलिनला नीट दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते जास्त जास्त तयार करत राहतं. रक्तात वाढलेलं हे इन्शुलिन कातडीच्या पेशींनाही वाढायला लावतं, आणि मानेवर, काखेत असा काळा पट्टा उमटतो. त्याला अकँथोसिस नायग्रिकन्स असं भारदस्त नाव आहे. साबणाने जात नाही. आतलं सुधारलं की हळूहळू फिका पडतो. मी एक वर्ष माझ्या मुलाच्या आजाराला अस्वच्छता म्हणून घासून काढत होते. हे लिहितानाही हात थांबतो.

रक्ताच्या तपासण्या झाल्या: रिकाम्या पोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी, कोलेस्टेरॉल, लिव्हर. बाकी ठीक. लिव्हरचा एक आकडा वरच्या काठावर. थोडक्यात, नवरा म्हणत होता तसं ‘आपोआप उतरेल’ म्हणून सोडून द्यायची वेळ नव्हती आणि मुलगा म्हणत होता तसं साठ दिवसांत अकरा किलोंचीही नव्हती.

मग डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून तो तक्ता काढला. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचा, पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी २०१५ साली नव्याने केलेला. खाली वय, बाजूला बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, आणि डावीकडून उजवीकडे वर चढत जाणाऱ्या वक्र रेघा. मोठ्या माणसाचा बीएमआय म्हणजे एक आकडा, तो सगळ्यांना सारखा लावायचा. मुलांचं तसं नाही. दहाव्या वर्षी जो जास्त ठरेल तोच आकडा सतराव्या वर्षी अगदी बरोबर असू शकतो, म्हणून वय आणि मुलगा-मुलगी बघून रेघ बघायची. आपल्या तक्त्यातल्या वरच्या दोन रेघा, एक जास्त वजनाची आणि तिच्यावरची लठ्ठपणाची, अशा काढल्यात की त्या मोठेपणी २३ आणि २७ ला जाऊन मिळतात. पाश्चात्त्यांत हेच उंबरठे २५ आणि ३० आहेत.

आपल्यासाठी कमी का, हे मला आधी कळलं नाही. घरी येऊन शोधलं तेव्हा तो प्रसिद्ध फोटो सापडला. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे, २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला. दोघांचा बीएमआय २२.३, अगदी दशांशापर्यंत सारखा. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. म्हणजे आपण दिसायला बेताचे असतो तेव्हाही आत साठा जास्त असतो. याज्ञिकांच्याच पुण्याजवळच्या गावांतल्या अभ्यासात दिसलं होतं की आपली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीनची, पण चरबी मात्र जवळपास तेवढीच; कमी असतात ते स्नायू. काटकुळे हातपाय आणि पुढे आलेलं पोट ही आमच्या घराण्याची ठेवण आहे असं मी समजत होते. घराणं बरंच मोठं निघालं.

डॉक्टरांनी त्याच्या वयापुढे पेनाने ठिपका दिला. बीएमआय २५.६, सगळ्यात वरच्या रेघेच्याही वर. मुलाचा चेहरा पडला. “मग किती कमी करायचं?” त्याने खिशातून पेन काढलं, लिहून घ्यायला.

“काहीच नाही,” डॉक्टर म्हणाले. “थांबवायचं.”

आणि त्यांनी कागदावर दुसरं गणित मांडलं. ५६ किलो आणि १४८ सेंटिमीटर म्हणजे २५.६. आता समज, वजन ५६ च राहिलं आणि तुझी उंची १५५ झाली, तर? मुलाने फोन काढून केलं. २३.३. पुन्हा केलं. “एक किलोपण कमी न करता?” एक किलोपण कमी न करता. मुलं या वयात सुटतात, वर्षाला सहा-सात सेंटिमीटर सहज, ऐन भरात असतील तर नऊ-दहासुद्धा. मुलींचा हा झपाटा साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलांचा चौदाव्या. त्याच्या मागेपुढे मिळून दोनेक वर्षांत मोठेपणीच्या हाडांचा जवळपास चौथा हिस्सा तयार होतो. अशा वेळी पोटाला चिमटा काढला तर शरीर चरबी तेवढी घेऊन थांबत नाही. स्नायू खातं, हाडांचं राहून जातं, उंचीवरही येऊ शकतं. पण बाबाच्या ‘आपोआप’वरही भरवसा ठेवायचा नाही. कारण उंचीबरोबर साध्या अंगाच्या मुलाचंही वजन या वयात वर्षाला चार-पाच किलोंनी वाढतं. ते एकाच जागी ठेवायचं म्हटलं तरी रोजचं काम आहे. थांबणं म्हणजे काही न करणं नव्हे.

मी विचारलं, मग कुणालाच कमी करायला सांगत नाही का तुम्ही? सांगतात. वाढ संपत आलेली, सोळा-सतराची मुलं, वजन फारच जास्त, साखर किंवा रक्तदाब लागलेला, झोपेत श्वास अडकतोय, अशांना. तेही आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास, तपासण्या करत. लहान पोरांना महिन्याला अर्धा किलोसुद्धा पुष्कळ. काहींना औषधं लागतात, ती त्यातले जाणकार देतात; इन्स्टाग्रामवरची इंजेक्शनं नाहीत. एवढं बोलून ते पुन्हा मुलाकडे वळले.

“हे ४५ चं सोड. तुला काय करता यायला हवंय?”

तो माझ्याकडे बघायला लागला. मी बाहेर जाऊन बसू का, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, बसा. मी बाहेर गेले. दहा मिनिटांनी आत बोलावलं तेव्हा कागदावर डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘गोलकीपर व्हायचं नाही.’

सोसायटीत फुटबॉल खेळताना जाड मुलाला गोलात उभं करतात. मला हे माहीत असायला हवं होतं. आमच्या वेळी लंगडीत जाड मुलीवर कायम राज्य यायचं. त्याला मित्राचं वजन नको होतं, मित्राची जागा हवी होती, मैदानाच्या मधली. तर आमचं पहिलं लक्ष्य हे ठरलं: दिवाळीपर्यंत दहा मिनिटं न थांबता पळता यावं. वजनाचा काटा महिन्यातून एकदाच, पहिल्या रविवारी. तीन महिन्यांनी डॉक्टरकडे, तिथे उंची मोजायची. घरी येऊन त्याने जूनचं पान काढलं आणि ४५ खोडरबरने खोडला. गोल राहिला.

आता खरं काम. सगळ्यात आधी कळलं ते हे की आमच्या घरात तेरा वर्षांचा मुलगा दुपारी एक ते रात्री पावणेदहा यात जेवतच नव्हता. शाळेतून आला की दुधात ती चॉकलेटी पावडर, मग सहा ते साडेआठ क्लास. क्लासच्या खाली वडापावची गाडी आणि शेजारच्या दुकानात थंडगार बाटल्या. शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत फार चरबी-साखर-मिठाचे पदार्थ विकायचे नाहीत असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे, पण क्लासच्या जिन्याला तो लागत नाही, आणि पोरं शाळेपेक्षा तिथेच जास्त भुकेली असतात. नवऱ्याची लोकल नऊ-सव्वानऊला येणार, मग सगळे एकत्र जेवणार, ही आमची घरगुती संस्कृती. तोपर्यंत मुलगा भुकेने कासावीस होऊन चिवड्याच्या डब्यात हात घालून बसलेला.

वडापावला मी फार दोष देत नाही. भूक लागलेल्या माणसाने वडापाव खाल्ला, यात त्याची काय चूक? बाटलीचं मात्र मी त्याच्यासमोर बसून मोजलं. पाव लिटर कोलात साखर २६-२७ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम. म्हणजे एका बाटलीत दिवस संपला. तो आठवड्याला चार प्यायचा. “एकदम बंद?” त्याने विचारलं. मी म्हटलं, तू सांग. तो म्हणाला, शनिवारी मॅचनंतर एक. ठरलं. मी ठरवलं असतं तर शून्य म्हटलं असतं आणि त्याने लपून सहा प्यायल्या असत्या.

क्लासला जाण्याआधी पोटभर काहीतरी, हा दुसरा बदल. मटकीची उसळ आणि पोळी, दोन अंडी, कालचा भात फोडणीचा करून वर दही, कधी थालीपीठ. यात ‘डाएट’चं काही नव्हतं, माझी आजी याला मधल्या वेळचं खाणं म्हणाली असती. आणि आल्यावर पावणेनऊला गरम जेवण. नवरा मागून जेवतो, पण त्याच भांड्यातलं. सकाळचा चहा-नाश्ता मात्र सगळ्यांनी एकत्र.

सासूबाई काय म्हणतील याची धास्ती होती. नातवाला अजून शेवटचा घास ‘हा काऊचा, हा चिऊचा’ म्हणत भरवायची त्यांची तयारी असते. तो नको म्हणाला की ताटात अर्धी पोळी अजून पडणार. डॉक्टर त्यांना म्हणाले होते, उपाशी ठेवायचं नाहीये आजी, फक्त त्याला पुरे म्हणता येऊ दे. लवकर जेवणाचं ऐकल्यावर मात्र त्यांनीच मला सुनावलं. “आमच्याकडे दिवे लागले की पानं घ्यायचे. रात्री दहाला जेवायची खुळं तुमची.” त्या दिवसापासून पावणेनऊचा कारभार त्यांनीच हातात घेतला. साडेदहाला फोन बाहेरच्या खोलीत, हाही. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि झोप कमी पडली की भूक वाढते हे मी चार वेळा सांगून झालं होतं. त्यांनी नुसता चार्जर उचलून नेला.

सगळं असं सरळ चाललं असतं तर मी लिहायला बसले नसते.

दिवाळीत पाहुणे आले होते. फराळाची ताटं मांडलेली. त्याने तिसरी करंजी उचलली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “अरे, पुन्हा?” मोठ्याने नव्हतं. पण बैठकीत शांतता पडली आणि कुणीतरी हसून म्हणालं, “असू दे गं, दिवाळी आहे, जाड्या उद्यापासून पळेल.” त्याने करंजी ताटात ठेवली. ठेवतानाचा तो हात अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. पारी फुटू नये म्हणून किती जपून ठेवली होती.

त्यानंतर आठवडाभर तो सगळ्यांसमोर अगदी मापात खात होता. मला वाटलं, वा! मग एका दुपारी चित्रकलेच्या वह्या शोधायला त्याचं कपाट उघडलं आणि वह्यांच्या मागे रॅपरांचा ढीग. बिस्किटं, वेफर्स, पाच रुपयांचे केक. सगळी नीट चपटी करून, घड्या घालून. मी कपाट बंद केलं. रात्री त्याच्या कॉटवर बसले आणि मिरजेच्या स्टेशनावरचं तिकीट, मामा, पाककृतींची वही, सगळं सांगितलं. चक्कर आलेलीही सांगितली. पाळीचंही, कारण आता मुलांना ते शाळेत शिकवतात. तो बराच वेळ ऐकत होता. शेवटी म्हणाला, “म्हणजे तूपण लपवायचीस?” मी रिकामं पोट लपवायचे, तो भरलेलं. दुसऱ्या दिवशी मी फोन करून त्या पाहुण्यांना सांगितलं की आमच्या घरात यापुढे कुणाच्या अंगावरून बोलायचं नाही. त्यांना राग आला. येऊ दे.

आणखी एक गोष्ट याच काळात ध्यानात आली. माझ्या ओळखीतली एक मुलगी, सतराची, अंगाने शिडशिडीत. ती चपातीचे कॅलरी मोजते, जेवणाच्या आमंत्रणांना नाही म्हणते, आरशासमोर पोट आत ओढून उभी राहते. तिच्या आईला त्यात शिस्त दिसते. २०१६ ते २०१८ मध्ये देशभर मुलांच्या पोषणाची पाहणी झाली होती. त्यात दहा ते एकोणीस वयाची २४ टक्के मुलं वयाच्या मानाने हडकुळी निघाली, ५ टक्के जास्त वजनाची. तेव्हा कुणी पोर वजन कमी करायचं म्हणालं तर किती आणि कसं याच्या आधी, मुळात करायचंय का, हे कुणीतरी तक्त्यावर ठिपका देऊन बघायला हवं. जेवण झाल्या झाल्या न्हाणीघरात कडी लावून बसणं, पाळी बंद होणं, सतत थंडी वाजणं, दिवसातून चारदा काट्यावर उभं राहणं. असलं काही दिसलं तर ती शिस्त नव्हे. लगेच डॉक्टर. मी त्या आईशी बोलले. घसा कोरडा पडला होता बोलताना.

पळण्याचं लक्ष्य दिवाळीत नाही, संक्रांतीला जमलं. सोसायटीच्या चार फेऱ्या, बारा मिनिटं, शेवटची अर्धी चालत होता असं वॉचमनचं म्हणणं आहे. फेब्रुवारीत त्याला बॅकला उभं केलं. मध्यभागी नाही, पण गोलात नाही. वजन मध्ये एकदा ५९ पर्यंत गेलं होतं, जानेवारीत, लग्नसराई. आम्ही तो आकडा लिहिला आणि पुढच्या पहिल्या रविवारपर्यंत विसरलो. म्हणजे तो विसरला, मी नाही.

मागच्या आठवड्यात वर्ष झालं. उंची १५४.५, वजन ५७. बीएमआय २३.९ भरला, वरून दुसऱ्या रेघेच्या अजून वरच आहे. सर्वात वरच्या रेघेपासून मात्र ठिपका खाली आलाय. मानेचा पट्टा फिका झालाय, गेलेला नाही. डॉक्टर म्हणाले, असंच. पुढच्या तीन महिन्यांचं काय, तर त्याने स्वतःच सांगितलं: सायकलने क्लासला. मला पुलाखालच्या त्या चौकाची भीती वाटते, पण हो म्हटलं.

आणि काल त्याची शाळेची पँट काढली. आठवीत पहिल्यांदा फुलपँट मिळते, म्हणून गेल्या जूनमध्ये टेलरकडे शिवायला टाकली होती. टेलरने कंबरेला टेप लावून विचारलं होतं, “वाढत्या अंगाची ना?” आणि मी, डॉक्टरांचं ताजं ताजं ऐकून आलेली, म्हणाले होते, कंबरेला नको, फक्त खाली ठेवा. त्याने तळाशी चार बोटं कापड आत दुमडून ठेवलं होतं.

काल त्याने घालून दाखवली तर कंबरेचं बटण जसं गेल्या वर्षी लागत होतं तसंच लागलं, आणि घोटा उघडा. मी खाली बसले, ब्लेडने दुमड उसवली. आतलं कापड बाहेर आलं ते गडद निळं, वर्षभर उन्हात न गेलेलं. वरची पँट धुऊन धुऊन विटलेली. इस्त्री केली तरी दोन रंगांची रेघ राहिलीच.

“हे दिसेल ना,” तो म्हणाला.

दिसेल.

“चालेल,” म्हणाला, आणि बॉल घेऊन खाली गेला, तीच पँट घालून.